स्वस्त डोळा, महाग डोळा

आमच्या ऑफिसात कुणी नवीन गॅजेट आणलं की चहाच्या टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितीला पडलं?" आणि दुसरा, "थोडे जास्त घालून वरचं मॉडेल का नाही घेतलंस?" थर्मल कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याची दया येते. कारण मोबाइलच्या बुडाला अडकवायचा थर्मल कॅमेरा पंचवीस-तीस हजारांत येतो आणि व्यावसायिक तपासणीवाले जो खांद्याच्या पिशवीतून आणतात त्याची किंमत सहा-सात लाखांच्या घरात जाते. म्हणजे "थोडे जास्त" घालायचे तर एक बऱ्यापैकी चारचाकी घालावी लागते. :)

आणि गंमत अशी की लांबून पाहिलं तर दोघांचं चित्र सारखंच दिसतं. तीच जांभळी पार्श्वभूमी, तीच केशरी माणसं, तोच पिवळा-पांढरा चहाचा कप. मग हे वीसपट पैसे जातात कुठे? मागच्या वर्षभरात माझ्याकडचा स्वस्त कॅमेरा आणि एका रात्रीपुरता पाहायला मिळालेला महागडा, असे दोन्ही मी एकाच जागेसमोर धरून पाहिले. म्हटलं, या शनिवारी त्यावरच लिहावं.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जेवढं झोपेतून कानावर पडलं होतं तेवढंच.

१८०० साली विल्यम हर्शेलने प्रिझममधून सूर्यप्रकाश पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. हेच ते अवरक्त किरण. आपण, आपली भिंत, आपला कुत्रा, गरम पोळी, सगळेच ते सतत बाहेर टाकत असतो. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या वस्तूचे किरण साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जोरात असतात. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हे सतरा-अठरा पट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अडचण अशी की या किरणांना साधी काच म्हणजे भिंत. खिडकीच्या काचेमागे उभ्या माणसाकडे थर्मल कॅमेरा धरला तर माणूस दिसत नाही, काचेत स्वतःचंच धूसर प्रतिबिंब दिसतं. त्यामुळे साध्या कॅमेऱ्याचं भिंग इथे कुचकामी. मग भिंग करायचं कशाचं? उत्तर आहे जर्मेनियम. १८८६ मध्ये जर्मनीत क्लेमेन्स विंकलरने शोधलेलं हे मूलद्रव्य डोळ्यांना करड्या आरशासारखं दिसतं, पलीकडचं काही दिसत नाही. पण अवरक्त किरणांना ते काचेसारखं पारदर्शक. म्हणजे काचेच्या बरोबर उलट!

जर्मेनियमचा अपवर्तनांक ४ च्या आसपास. काचेचा दीड. अपवर्तनांक जास्त म्हणजे किरण चांगले वळतात, पातळ भिंगातही काम भागतं. पण त्याची दुसरी बाजू म्हणजे पृष्ठभागावर परावर्तनही जास्त. काचेच्या एका पृष्ठभागावरून ४ टक्के प्रकाश परत फिरतो, तर जर्मेनियमच्या एका पृष्ठभागावरून ३६ टक्के. दोन पृष्ठभाग पार करून आत पोचतो तो अर्ध्याहून कमी. म्हणून त्याच्यावर परावर्तन रोखणारे लेप द्यावे लागतात. चांगले लेप दिले की ९५ टक्क्यांच्या पुढे मजल जाते. बाहेरच्या बाजूला ओरखडे पडू नयेत म्हणून हिऱ्यासारख्या कार्बनचा कडक थर देतात. त्यात जर्मेनियम मुळातच महाग आणि त्याचं उत्पादन बरंचसं चीनमध्ये. चीनने ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीला परवान्याची अट घातली तेव्हा जगभरचे भिंगवाले हवालदिल झाले ते उगाच नाही.

स्वस्त कॅमेऱ्यात हा खर्च टाळायचे दोन रस्ते आहेत. एक, कॅल्कोजेनाइड नावाची वेगळ्या प्रकारची काच. ही साच्यात दाबून भिंगं पाडता येतात, एकेक घासत बसावं लागत नाही. दुसरा, सिलिकॉनचं भिंग. चिप बनवायच्या तंत्राने एका चकतीवर अशी शेकडो भिंगं एकदम तयार होतात. सिलिकॉन या पट्ट्यातले काही किरण स्वतःच गिळतं, पण भिंग पुरेसं पातळ असलं की चालून जातं. २०१४ साली फ्लिर आणि सीक या अमेरिकन कंपन्यांनी मोबाइलला लावायचे थर्मल कॅमेरे आणले ते अशाच युक्त्यांच्या जोरावर. त्याआधी आपल्यासारख्याने असला कॅमेरा हातात धरायचा तर लष्करात नाहीतर अग्निशमन दलात भरती व्हावं लागलं असतं.

आतला सेन्सर दोघांचाही एकाच जातकुळीचा. त्याला मायक्रोबोलोमीटर म्हणतात. किरण पडले की तापणारे आणि तापले की विद्युतरोध बदलणारे इवलेसे पूल. १९८० च्या दशकात अमेरिकेत हनीवेल कंपनीत लष्करासाठी हे तंत्र विकसित झालं. दोन्ही कॅमेऱ्यांत अधूनमधून 'टिक्' असा आवाज येतो, तो आतलं झाकण क्षणभर बंद करून सगळे पिक्सेल एका रांगेत आणण्याचा. लाखाच्या कॅमेऱ्यातही टिक्, हजारांच्या कॅमेऱ्यातही टिक्. तिथपर्यंत समता आहे.

फरक सुरू होतो तो पिक्सेलपासून. माझा कॅमेरा १६० × १२० चा, म्हणजे १९,२०० पिक्सेल. महागडा ६४० × ४८० चा, ३,०७,२०० पिक्सेल. सोळा पट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद, ५७ अंशांचा कोन पाहणारं. महागड्याचं २५ अंशांचं. म्हणजे माझा कॅमेरा थोडे पिक्सेल मोठ्या दृश्यावर पसरून टाकतो आणि महागडा भरपूर पिक्सेल लहान दृश्यावर एकवटतो. भागाकार केला तर दोन मीटर अंतरावर माझ्या एका पिक्सेलखाली साडेबारा मिलीमीटरचा चौकोन येतो. महागड्याच्या एका पिक्सेलखाली १.४ मिलीमीटरचा. माझं भिंग मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं, त्याचं रुपयाच्या नाण्याएवढं. नाण्याएवढं जर्मेनियम घासून, लेप देऊन, फोकस करायच्या यंत्रणेत बसवायचं म्हटलं की पैसे कुठे गेले ते कळायला लागतं.

त्यातही एक मेख आहे. तरंगलांबी साडेनऊ मायक्रॉन असल्यामुळे अगदी निर्दोष भिंगसुद्धा एका बिंदूचा बिंदू पाडू शकत नाही. त्याचा साधारण २३ मायक्रॉनचा ठिपका पडतो, आणि पिक्सेल असतो १२ मायक्रॉनचा. म्हणजे प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांची थोडी थोडी उष्णता उसनी घेतो. म्हणून या धंद्यातले लोक सांगतात की तापमान खरं वाचायचं असेल तर वस्तूने निदान ३ × ३ पिक्सेल भरले पाहिजेत. माझ्या कॅमेऱ्यासाठी दोन मीटरवर याचा अर्थ ३७ मिलीमीटरची वस्तू. महागड्यासाठी ४ मिलीमीटरची.

स्वस्त कॅमेऱ्याचं ॲप हे सगळं फार प्रेमाने लपवतं. ते शेजारच्या साध्या कॅमेऱ्यातून वस्तूंच्या कडा उचलतं आणि थर्मल चित्रावर चिकटवतं. त्यामुळे स्विचवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय रेखीव चित्र आहे! अक्षरं साध्या कॅमेऱ्याची असतात, उष्णता मात्र त्याच १९,२०० ठिगळांची.

बरं, घरगुती कामाला ही ठिगळं पुरतात का? अगदी आरामात. छतातली ओल शोधली (ओली जागा बाष्पीभवनाने गार दिसते). फ्रिजच्या दाराचं रबर कुठे सैल झालंय ते पाहिलं. एसीची हवा कुठल्या फटीतून पळते ते पाहिलं. आजीने तर तवा किती तापलाय ते कॅमेऱ्यात पाहून "मला कळतंय की हाताने" असं सांगून टाकलं. या सगळ्या मोठ्या, पसरट गोष्टी. इथे महागडा कॅमेरा आणला तर चित्र सुंदर येईल, निष्कर्ष तोच राहील.

आणि काही ठिकाणी दोघेही सारखेच फसतात. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि कॅमेरा धरा. पातेलं गारच दिसेल, वर त्यात तुमचाच चेहरा चमकेल. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी टाकतो, दुसऱ्यांचेच परत पाठवतो. त्याच पातेल्याला इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवा, टेप लगेच झगझगीत दिसेल. सहा लाखांचं भिंगही यावर काही करू शकत नाही. तिथे वापरणाऱ्यालाच अक्कल लागते आणि ती कुठल्याच बॉक्समधून येत नाही.

इथपर्यंत प्रकरण छंदाचं होतं. मग सोसायटीची सभा आली.

आमची सोसायटी पुण्यातली, १९९४ ची. दोन विंग, सात मजले, ५६ फ्लॅट. तेव्हाचं वायरिंग पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज आणि फार तर गीझर धरून केलेलं. आता जवळपास प्रत्येक घरात एसी, निम्म्या घरांत इंडक्शनची शेगडी आणि खाली पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटरी चार्जिंगला. मीटर रूम जिन्याखाली. त्याच खोलीत पाण्याच्या मोटरचा पॅनेल. जिना एकच. आग लागली तर लिफ्ट बंद, आणि धूर वर जाणार तो त्याच जिन्याने. माझी आजी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि वॉकर घेऊन चालते. या वाक्यापुढे मला फार काही लिहायची गरज नाही.

सभेत विषय होता वायरिंगची तपासणी करून घेण्याचा. एका तपासणीवाल्याने एका भेटीचे नऊ हजार सांगितले होते. सेक्रेटरी काका (बँकेतून निवृत्त झालेले, पै न् पैचा हिशोब ठेवणारे आणि म्हणूनच सगळ्यांना हवे असलेले) म्हणाले, "अरे, तुझ्याकडे आहे ना तो कॅमेरा? मग बाहेरच्याला कशाला पैसे द्यायचे? तूच बघ आणि सांग."

मी पाहिलं होतं. आधीच्या आठवड्यात वायरमनला घेऊन, त्याने पॅनेलची झाकणं उघडल्यावर. (झाकणं उघडावीच लागतात. पॅनेलवरचं ॲक्रिलिकचं आवरण आपल्याला पारदर्शक दिसलं तरी थर्मल कॅमेऱ्याला ते भिंतच असतं. आणि ती उघडायचं काम लायसन्सवाल्या माणसाचं, आपलं नव्हे.) दोन मीटरवरून फोटो काढले. जवळपास सगळं ठीक. फक्त मोटरच्या पॅनेलमध्ये पिवळ्या फेजच्या वायरचं टोक ५० अंश दाखवत होतं आणि लाल, निळ्याची टोकं ४२.

काकांनी फोटो चष्मा वर करून पाहिला. "पन्नास म्हणजे काय रे? मे महिन्यात पार्किंगबाहेर उभी केलेली गाडी याहून तापते."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. विजेच्या जोडांची तपासणी करणारे लोक एक मोजमाप वापरतात. सारख्याच लोडवरच्या सारख्या जोडांमध्ये ४ ते १५ अंशांचा फरक असला तर दोष असण्याची शक्यता आहे, सवडीने दुरुस्त करा. १५ च्या वर गेला तर ताबडतोब करा. माझा फरक ८. म्हणजे "सवडीने". आणि आपल्या वायरींवरचं साधं पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंत कायम काम करण्यासाठी बनवलेलं असतं. ५० म्हणजे वीस अंश शिल्लक. कागदावर सगळं आलबेल.

पण ती वायर जाडीला पाच मिलीमीटर होती आणि माझा पिक्सेल साडेबारा मिलीमीटरचा. त्यामुळे मला माझ्याच कॅमेऱ्याविरुद्ध वकिली करावी लागली. म्हटलं, "काका, हा ५० आकडा त्या जोडाचा नाहीये. जोड, शेजारची हवा, मागचा बोर्ड, या सगळ्यांचा मिळून आहे. खरा आकडा याहून फारसा कमी नसेल एवढं मी सांगू शकतो. जास्त किती असेल ते हा कॅमेरा सांगू शकत नाही."

"म्हणजे तुझा कॅमेरा बिघडलाय?"

"नाही हो. त्याला जेवढं दिसतं तेवढं तो बरोबर सांगतोय."

थोडा वेळ शांतता. मग खजिनदार ताई म्हणाल्या, "गणपतीच्या मांडवाला आपण किती घालतो? द्या नऊ हजार." ठराव पास झाला. लोकशाहीत कधीकधी फिजिक्सपेक्षा गणपती उपयोगी पडतो.

तपासणीवाला म्हणाला सकाळी अकराला येतो. मी म्हटलं, रात्री दहाला या. कारण सैल जोडात निर्माण होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह निम्मा तर उष्णता पाव. सकाळी अकराला सगळे ऑफिसात, एसी बंद, मोटर बंद. त्या वेळी पाहिलं तर आख्खी मीटर रूम देवघरासारखी शांत दिसेल. रात्री दहाला एसी सुरू असतात आणि मोटरही तासभर चालते. त्याने थोडी कुरकुर केली, पण आला.

मोटर अर्धा तास चालू दिली. वायरमनने झाकण काढलं. मी माझा कॅमेरा दोन मीटरवर धरला. पिवळी ५०, शेजारच्या ४२. तेच. मग त्या गृहस्थांनी त्यांचा कॅमेरा काढला, भिंगाची कडी हळूहळू फिरवत फोकस केला. स्क्रीनवर तीन वायरी वेगवेगळ्या, सुतासारख्या स्पष्ट. लाल ४५. निळी ४५. पिवळीच्या टोकाला, स्क्रूच्या अगदी लगत, शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

८३ अंश.

फरक ८ चा नव्हता, ३८ चा होता. आणि ७० अंशांची पीव्हीसीची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती.

काका मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त वर जिन्याकडे पाहिलं.

गणित नंतर मी कागदावर करून पाहिलं आणि ते जुळलं. समजा माझ्या एका पिक्सेलच्या चौकोनाचा पाचवा हिस्सा ८३ अंशांवर आहे आणि बाकीचे चार हिस्से साधारण ४० वर. (८३ + ४ × ४०) भागिले ५ म्हणजे ४८.६. किरणांच्या हिशोबात गरम भागाचं वजन थोडं जास्त धरलं जातं, म्हणून ५०. शेजारच्या वायरी ४५ च्या असून मला ४२ दिसत होत्या त्याचंही कारण हेच. कॅमेरा बिचारा खोटं बोलला नव्हता, त्याने सरासरी सांगितली होती.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं नवीन नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम २०० मिलिसेकंद, डॅशबोर्ड हिरवागार, मॅनेजर खूश. आणि शंभरातला एक ग्राहक आठ सेकंद गोल फिरणारं चक्र बघत बसलेला असतो. म्हणून आपण सरासरी सोडून नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल पाहायला शिकलो. थर्मल कॅमेऱ्यात पर्सेंटाइलचं बटन नसतं. तिथे ते काम भिंगाला करावं लागतं, आणि पिक्सेल पडण्याआधीच करावं लागतं. एकदा सरासरी होऊन पिक्सेलमध्ये शिरली की मग कुठलंही ॲप, कुठलीही हुशार प्रक्रिया तिच्यातून तो ८३ परत काढू शकत नाही.

यातली खरी काळजीची गोष्ट म्हणजे चुकीची दिशा. स्वस्त कॅमेऱ्याने आकडा उगाच वाढवून सांगितला असता तर फार तर एक फुकट फेरी पडली असती. पण लहान गरम ठिपक्याच्या बाबतीत त्याची चूक जवळजवळ नेहमी दिलासा देण्याच्या बाजूनेच होते. फोकस नीट नसला तरी आकडा कमी येतो, वस्तू लांब असली तरी कमी येतो, धातू चकचकीत असला तरी गरम जोड गार दिसतो. आणि दिलासा मिळाला की माणूस झाकण लावून घरी जातो.

तुम्ही म्हणाल, मग स्वस्त कॅमेरा घेऊन जवळ जा की! हिशोब बरोबर आहे. ४० सेंटीमीटरवर माझा पिक्सेल अडीच मिलीमीटरचा होतो. पण चालू पॅनेलसमोर, उघड्या जोडांपासून हातभर अंतरावर तोंड आणि हात नेऊन उभं राहायचं? शॉर्ट झालं तर तिथे जी ठिणगी उडते ती दिवाळीतली नसते. आमच्या वायरमननेच मला मागे ओढलं होतं, "दादा, लांबनं बघा." मला वाटतं महागड्या भिंगाची किंमत या वाक्यात आहे. त्याचे जास्तीचे पैसे आपण सुंदर चित्रासाठी मोजत नाही, सुरक्षित अंतरावर उभं राहून खरा आकडा वाचता यावा म्हणून मोजतो.

स्वस्त कॅमेऱ्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. त्या रात्री आम्ही एकूण अकरा जागा दोन्ही कॅमेऱ्यांनी पाहिल्या. नऊ ठिकाणी दोघांतला फरक तीन-चार अंशांच्या आत होता. बी विंगचा एक एमसीबी आख्खाच्या आख्खा तापत होता, तो दोघांनीही सारखाच पकडला. आणि पिवळ्या फेजकडे बोट पहिल्यांदा दाखवलं ते माझ्याच कॅमेऱ्याने. "इथे काहीतरी आहे" हे त्याने सांगितलं. "किती आहे" ते त्याच्या आवाक्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन बंद करून वायरमनने तो स्क्रू आवळून पाहिला. जवळजवळ एक पूर्ण फेरा फिरला. एवढा सैल. वायर बाहेर काढली तर आवरणाचा शेवटचा तुकडा तपकिरी, कडक, वाकवला तर बिस्किटासारखा तुटला. मोटर पंधरा अँपिअर घेते. सैल जोडात ०.०२ ओहमचा जरी रोध धरला तरी साडेचार वॅट होतात. ऐकायला किरकोळ, एलईडीच्या छोट्या दिव्याएवढे. पण ते शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढ्या जागेत, रोज दोन तास, वर्षानुवर्षं. आवरण कडक होतं, तडकतं, जोड आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. वायरमनने खराब टोक कापलं, नवी लग दाबून बसवली. रात्री पुन्हा मोटर चालू करून पाहिलं तर माझ्या कॅमेऱ्यात तिन्ही वायरी ४२.

खराब तुकडा सेक्रेटरी काकांनी एका पाकिटात घालून सोसायटीच्या फाइलला लावला आहे. पुढच्या वर्षी कुणी नऊ हजारांबद्दल विचारलं तर दाखवायला.

मग घ्यायचा कुठला? माझं मत असं. घरासाठी, ओलीसाठी, एसीसाठी, कुतूहलासाठी स्वस्त घ्या, बिनधास्त घ्या. सहा लाखांचा विकत घेण्याचा विचार रोज हेच काम करणाऱ्याने करावा, आपल्याला तो माणसासकट एका रात्रीपुरता बोलावता येतो आणि माणूसच जास्त महत्त्वाचा. घेताना डब्यावरच्या "संवेदनशीलता ०.०५ अंश" असल्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. संवेदनशीलता म्हणजे दोन शेजारच्या बिंदूंतला किती बारीक फरक दिसतो ते. तापमान किती बरोबर सांगतो ते वेगळं, आणि तिथे महागडेसुद्धा दोन अंश इकडेतिकडे धरतात, स्वस्त पाच. त्यापेक्षा एकच भागाकार करा. भिंगाचा कोन भागिले आडवे पिक्सेल, त्यातून एका पिक्सेलखाली किती मिलीमीटर येतात ते काढा आणि त्याला तीनने गुणा. त्याहून लहान वस्तूचा आकडा हा फक्त "निदान एवढा तरी" असा वाचायचा.

आमच्याकडे आता अशी पद्धत पडली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री दहाला, मोटर चालू असताना, वायरमन झाकण उघडतो आणि मी जमिनीवर खडूने आखलेल्या रेघेवर उभा राहून माझ्या स्वस्त कॅमेऱ्याने त्याच अकरा जागांचे फोटो काढतो. अंतर तेच, वेळ तीच, लोड तोच. आकडा खरा नसला तरी बदल खरा असतो. एखादी जागा मागच्या महिन्यापेक्षा चार अंशांनी चढली तर वायरमन मेन बंद करून ती तपासतो. आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, नऊ हजारांचा डोळा येतो.

तुमच्या सोसायटीच्या मीटर रूमची किल्ली कुणाकडे असते? आज वॉचमनला विचारून ठेवा. कॅमेरा नंतर घेतला तरी चालेल.